आईनं दिलेला नियम

आमच्या सदलग्याच्या मळ्यात घराला लागून तंबाखूचं एक लांबलचक शेड होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तंबाखू सोडून सगळ्या रानात ऊस केला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. शेडातला वास मात्र गेला नव्हता. नवखा माणूस आत आला की चार शिंका ठरलेल्या. खाली आजोबांच्या वेळचा घोटीव कोबा होता, इतका गुळगुळीत की हातातून सांडलेला हरभरा थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत घरंगळत जायचा. अशी जमीन सगळ्या चिकोडी तालुक्यात शोधून सापडणार नाही असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि आता ती नुसती उंदरांच्या कामाची उरली म्हणून हळहळायचे. पुढे त्याच कोब्यावर मी चाकाचे बूट घालून फिरायला लागले, तर त्याचीही त्यांना हळहळच वाटायची. आप्पांचा स्वभावच तो. ते रागावत नसत, हळहळत. रागावणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

चाकाचे बूट माझ्या पायात आले ते बेळगावात. हायस्कूलची तीन वर्षं मी कॅम्पात मामाकडे राहिले होते. तिथं एका शाळेच्या मागे सिमेंटचं मैदान होतं आणि त्यावर लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार पोरांना हॉकी शिकवायचे. साधी हॉकी नव्हे, बर्फावरची. सर खानापूरकडच्या एका खेड्यातले, पण त्यांची अर्धी नोकरी लडाखात गेलेली. तिथं थंडीत तळी गोठली की जवान त्यावर हॉकी खेळायचे, तो नाद घेऊन सर परत आले होते. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळी बाजारातला नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आम्ही जैन, मासळी बाजाराच्या वाटेलाही जात नसू, म्हणजे मला ठाऊक असलेला बर्फ फक्त गोळ्याचा. सरांनी बर्फाच्या जागी सिमेंट घेतलं, पात्यांच्या जागी चाकं घेतली. चेंडूही नव्हताच. त्याऐवजी पक, तळहाताएवढी काळी जाड चकती, ती स्टिकनं जमिनीवरून सरकवत न्यायची. बेळगावातले शहाणे लोक सरांना हसायचे. मीही पहिल्या दिवशी हसले होते.

दहावी झाली आणि आप्पांनी मला घरी आणलं. पीयुसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, चिकोडीचं कॉलेज, रोज जाऊन-येऊन. खेळ सुटला असंच मी धरून चालले होते. तर आईनं एका दुपारी भाकऱ्या थापता थापता आप्पांना सांगितलं, "रविवारचं रविवारी ती बेळगावला जाईल. भावाच्या घरी जाऊन येती म्हणून समजा." आप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीला हे कशाला गं?" आई म्हणाली, "पोरीच्या जातीला म्हणूनच." त्याच्यापुढे वाद झाला नाही, कारण भाकरी तव्यावर होती आणि आमच्या घरात तव्यावर भाकरी असताना आईशी कुणी वाद घालत नसे.

मग दर रविवारी पहाटेची गाडी, चिकोडीला बदलून बेळगावची गाडी, बेळगावच्या अलीकडची काकती आली की बुटांची पिशवी मांडीवर घ्यायची. परत येतानाची मोठी पंचाईत म्हणजे जेवण. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. घरी पोचेपर्यंत अंधार पडणार, म्हणून आई संध्याकाळचाही डबा द्यायची: दोन भाकऱ्या, कारळ्याची चटणी, घट्ट झुणका. तो बसमध्ये, सूर्य बुडायच्या आत संपवायचा. मी खिडकीतून सूर्याकडे बघत घास गिळायची आणि शेजारची बाई मला विचारायची, "सावकाश खा की गं, कोण पाठीमागं लागलंय?" कधी गाडी रस्त्यात बंद पडली, डोंगराआड सूर्य लवकर गेला, की अर्धा डबा तसाच परत यायचा. आई तो उघडून बघायची आणि म्हशीच्या पाटीत टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र न्याहारीला थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा असायचा.

सरांनी माझं काम लवकरच ओळखलं होतं. मला गोल करता यायचे नाहीत. नेम नव्हता, आणि घाईच्या वेळी माझे हात थिजायचे. पण पक माझ्याकडे आला की तो कुणाला लवकर मिळायचा नाही. "तू राखायचं काम कर," सर म्हणाले. "करणारे लई हायत." पक राखायचा म्हणजे काय, ते मी आजही झोपेतून उठून सांगेन. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, कंबर खाली घ्यायची. येणाऱ्याच्या आणि पकाच्या मधे आपलं अंग आणायचं. पक लांबच्या बाजूला, स्टिकवर एकच हात, दुसरा कोपरात वाकवून आड. मान वर, पकाकडे बघायचं नाही, तो स्टिकला जाणवला पाहिजे. आणि मागचा कुठल्या बाजूनं येतोय हे पाठीला कळलं पाहिजे. हे सगळं एकट्यानं शिकता येत नाही. मागे कुणीतरी लागतं, पक हिसकावून घ्यायला जिवावर उठलेलं.

सदलग्याच्या मळ्यात असं कोण मिळणार? मी एकुलती. आप्पा रानात. गडी माणसांना सांगायची सोय नव्हती. आठ-दहा दिवस मी शेडात एकटीच गोल गोल फिरत होते. एक दिवस आई दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कुणाला राखतीस गं? चोर तर कुठं दिसंना." मग तिनं पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, कोपऱ्यातली खराट्याची काठी उचलली आणि अनवाणी माझ्या मागे लागली. पहिल्याच झटक्यात तिनं पक पळवला. मला पत्ताही लागला नाही. आई बेळगावच्या शाळेत खो-खोत होती. नववीत लग्न ठरलं आणि ते सुटलं. "मला कुणी शिवलं न्हवतं कधी," हे वाक्य ती फार क्वचित बोलायची, पण बोलली की तिच्या आवाजात कोवळं काहीतरी यायचं. तेव्हा ती चाळिशीची असेल. बारीक, काटक, मनगटं धारेच्या सवयीनं घट्ट झालेली.

दोन वर्षं आमचा तो रोजचा नेम झाला. कॉलेजहून आले की बूट बांधायचे. आई धार काढून, चूल पेटवायच्या आधी अर्धा तास यायची. लांब कुठंतरी पिठाच्या गिरणीचा ठोका, दारात म्हशीच्या साखळीचा आवाज, शेडात माझ्या चाकांची घरघर आणि कोब्यावर घासत जाणारा पक. आई सतत बोलायची. बोलून बोलून लक्ष उडवायचं ही तिची युक्ती. "राजू, तुझ्या आप्पांना बघ, बांधावर झोपलेत." "राजू, दूध उतू जाईल गं." मी राजमती, घरात राजू. मी मान वळवली की चकती गेलीच. तिला 'पक' म्हणायला आवडायचं नाही, ती चकतीच म्हणायची. हरली की "अय्यो, म्हातारी झाले" म्हणायची आणि जिंकली की काठी डोक्यावर धरून शेडभर मिरवायची. माझी आई हसरी होती असं मी आता कुणाला सांगितलं तर आमच्या नातेवाइकांना खरं वाटत नाही. त्यांनी नंतरचीच बघितली.

दुसऱ्या वर्षीच्या सुगीनंतर सरांनी सांगितलं की एक रविवार सोडून पुढच्या रविवारी निवड आहे. बाहेरून माणसं येणार, आमच्यातल्या तिघींना निवडणार आणि त्या तिघी महिनाभर लडाखला जाणार. खऱ्या बर्फावर. त्याच दिवशी सरावात एक थोराड मुलगी माझ्या अंगावर आली आणि मी तिच्या रेट्यानं बाजूला सरकले, पक गेला. सरांनी शिट्टी वाजवून मला कडेला घेतलं. "घरी कुणासंगं करतीस?" मी सांगितलं, आईबरोबर. "आईला रेटतीस काय?" "न्हाय सर." "मग कसला सराव तो? आगं, रेट्यापुढं पळालीस तर पडलीस. जिकडनं रेटा येतोय तिकडंच रेलायचं. सगळं वजन घालायचं. मागं कोण हाय ते बघायचं न्हाय." सरांचं काही चुकलं नाही. खेळ तसाच आहे. माझ्याकडे मामेबहिणीच्या मुलीनं दिलेला मोबाईल आहे, त्यावर लडाखच्या मुली बर्फावर खेळताना दिसतात; मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत नाही, कमरेकडे बघते. चांगल्या खेळणाऱ्या मुली तशाच रेलतात.

मला सगळं आईला सांगायची खोड होती. तेही सांगितलं. आई म्हणाली, "मग रेट की. मी काय काचेची हाय?" सोमवार ते गुरुवार मी नुसती टेकत राहिले. शुक्रवारी ती चिडली. "अशानं तुला कोण नेतंय बर्फावर? रेलतीस की जाऊ मी चुलीकडं?" आणि डाव्या बाजूनं आत शिरली. मला पाठीनं कळलं. मी कंबर खाली घेतली आणि सगळं वजन त्या बाजूला टाकलं. मागे कोण आहे ते बघितलं नाही. पक माझ्याकडेच राहिला. वळून बघितलं तेव्हा आई कोब्यावर कुशीवर पडलेली होती आणि काठी लांब गेली होती. वाळकी तुरकाठी मोडावी तसा आवाज मी ऐकला होता. मला वाटलं होतं खराट्याची काठी मोडली.

ती लगेच उठून बसली, हे खरं. उभीही राहिली, माझ्या खांद्याला धरून. "कायबी झालं न्हाय. लचकलंय," म्हणाली. तिचं तोंड पिठासारखं झालं होतं आणि वरच्या ओठावर घाम होता. आप्पा यायच्या आत तिनं मला बूट काढायला लावले, पक कोनाड्यात ठेवायला लावला. आप्पांनी विचारलं तर म्हणाली, "म्हशीनं दावं ओढलं, पाय अडकला." आप्पा गोठ्यात गेले. म्हशीला मारणं आमच्यात नाही, आणि आप्पांच्यात तर मुळीच नाही. ते तिच्यापुढे उभे राहून, "काय गं, घरच्या लक्ष्मीलाच पाडतीस व्हय?" म्हणून हळहळले आणि त्यांनी तिला गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला नेऊन बांधलं. ते ऐकून मला हसू आलं होतं. होय, आलं होतं. खोटं कशाला लिहू?

सोमवारी आप्पांनी हाडं बसवणाऱ्या मल्लाप्पाला बोलावलं. तो पलीकडच्या गावचा, हात चांगला म्हणून नाव होतं त्याचं. त्याची रीत म्हणजे उडदाच्या पिठात अंड्याचा बलक घालून लेप द्यायचा. आमच्या घरात अंडं येणं शक्य नव्हतं, त्यालाही ते ठाऊक होतं. जैनांच्या घरी तो डिंक वापरायचा. डिंक आणायला आप्पा गावात गेले, आणि घरात आम्ही तिघंच उरलो. मल्लाप्पानं आईचा पाय हळूच फिरवून बघितला, खुब्यावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे लचकणं न्हवं बाळ. खुब्याला चीर हाय. अजून जागेवर हाय म्हणून उभी ऱ्हाती. सरकलं तर माझ्या हातचं न्हाय, कुणाच्याच हातचं न्हाय. बेळगावला न्या, फोटू काढा. आज न्या." आई म्हणाली, "मल्लाप्पा, ह्यांना लचकलंय म्हणून सांग. रविवार होऊ दे. सोमवारी जाते मी." त्यानं आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "आक्का, मग निजून तरी ऱ्हावा." आप्पांना त्यानं लचकलंय असं सांगितलं, पण त्यांनी दिलेला मोबदला घेतला नाही. पाण्याचा तांब्या तेवढा तोंडाला लावला आणि गेला.

तो गेल्यावर आईनं मला देवापाशी बसवलं. आमच्यात नियम घेतात. कुणी चार महिने हिरवी भाजी सोडतं, कुणी वर्षभर गूळ. देवापुढं हात जोडून, णमोकार मंत्र म्हणून एकदा नियम घेतला की तो मोडायचा नाही. मोडला तर त्याचं पाप त्या माणसाच्या माथी. लहानपणापासून आम्ही हे बघत आलेलो. बोलायचं नाही असा नियम मी त्याआधी ऐकला नव्हता, पण आईनं तो त्या दिवशी पार्श्वनाथाच्या फोटोपुढं स्वतः घेतला आणि मलाही दिला. मी बर्फावरून परत येईपर्यंत, आई शेडात कशी पडली हे कुणाला सांगायचं नाही. दवाखान्यात ती सोमवारी जाईल, त्याला हरकत नाही, पण बोट मात्र म्हशीकडेच राहील. "तुझ्या आप्पांना कळलं, खेळापायी माझा पाय गेला, तर त्ये रागावनार न्हाईत. तुझे बूट उचलून विहिरीत टाकतील आणि विहिरीकाठी बसून रडतील. मग मी कुणासंगं भांडू?" मी हात जोडले. मनातून मला हेच हवं होतं. कुणीतरी मला गप्प बसायला सांगावं, आणि ते देवाच्या नावानं सांगावं, म्हणजे माझ्याकडे दोष उरणार नाही.

त्यानंतरचे सहा दिवस मी कितीही वेळा लिहायला बसले तरी नीट लिहिता आलेले नाहीत. आई निजून राहिली नाही. निजली असती तर आप्पांनी दुसऱ्या दिवशीच गाडी केली असती, आणि घरातलं करायला मी राहिले असते. म्हणून ती उभी राहायची. चुलीपुढं बसता येत नव्हतं तर शेजारून गॅसची शेगडी मागून आणली आणि कट्ट्याला पोट टेकून उभ्यानं भाकऱ्या केल्या. एका पायावर भार देऊन. भाकरी थापण्याचा तिचा आवाज बदलला होता. आधी एकसारखा असायचा, आता मधेच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. मी कॉलेजची वही उघडून पलीकडच्या खोलीत बसायची आणि तो आवाज थांबला की माझा श्वास थांबायचा. सुरू झाला की मी पुन्हा वहीत बघायची. एकदा मी उठून गेले आणि म्हणाले, "आई, आजच जाऊ या." ती वळलीसुद्धा नाही. "शेडात जा. एकटीनं कर. पाठीमागं मी हाय असं समज," म्हणाली. आणि मी गेले. त्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडू शकले असते, आप्पांच्या पाया पडू शकले असते, रस्त्यावर जाऊन पहिली गाडी थांबवू शकले असते. मी शेडात जाऊन एकटीनं केलं.

रविवारी निवड झाली. मला वाटलं होतं आता माझ्यानं कुणावर रेलवणार नाही; कुणाचा धक्का लागला की मला तो कोबा दिसेल. तसं काहीच झालं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत जी जी मुलगी मागून आली तिच्यावर मी सगळं वजन टाकलं. ती थोराड मुलगी दोनदा आपटली. पक माझ्याकडून कुणालाही मिळाला नाही. बाहेरून आलेल्यांपैकी एकानं सरांना काहीतरी विचारलं आणि सर माझ्याकडे बघून हसले. मला जमलं, ह्या गोष्टीची मला आजही स्वतःविषयी भीती वाटते. तिघींत माझं नाव पहिलं होतं. मामांनी कुंद्याचा डबा घेऊन दिला, आणि त्या दिवशी सूर्य बराच वर असतानाच मी घरी पोचले.

आई कट्ट्याला टेकून उभी होती. मी सांगितलं. आप्पा बाहेर ओसरीवर होते, त्यांनीही ऐकलं आणि "बरं झालं, बरं झालं" म्हणत आत आले. आई म्हणाली, "थांब, देवापुढं साखर ठेवते." मी म्हणाले, मी ठेवते. तिनं ऐकलं नाही. साखरेची वाटी घेऊन तिनं कट्टा सोडला, दोन पावलं टाकली आणि तिसरं पडलंच नाही. ती खाली कोसळली आणि ओरडली. सगळ्या आयुष्यात मी तिला ओरडताना ऐकलं ते एवढंच. पाय वेडावाकडा बाहेरच्या बाजूला वळला होता, आणि साखर सगळ्या घरात सांडली होती.

बेळगावच्या हाडांच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून आप्पांना बोलावलं. मी मागे उभी होते. डॉक्टर कन्नडमध्ये बोलत होते, बाकांवर बसलेल्या सगळ्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. हे कालचं मोडणं नाही, आठ-दहा दिवसांपूर्वीचं आहे. चीर होती तेव्हा आणली असती तर दोन स्क्रूंत भागलं असतं. आता हाड सरकलंय, ऑपरेशन करू, पण पाय आखूड राहणार. बाई इतके दिवस घरात लंगडत कामं करते आणि नवऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही? तुम्ही माणसं बायकांना समजता तरी काय? आप्पा पटका हातात घेऊन उभे होते. ज्या माणसानं जन्मात आईवर आवाज चढवला नाही, तो मान खाली घालून म्हणत होता, "चुकलं साहेब. माझंच चुकलं. मी बघायला पायजे होतं." बाकावरच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "राजू, मी इतका कसा गं आंधळा?"

ते मला सोसलं नाही. मी तिथंच, त्या बाकांच्या ओळीपुढं, सगळं सांगितलं. शेड, रेटा, मल्लाप्पा, नियम. आप्पांनी मधे एकच विचारलं, "तुला कधीपासनं ठाव हुतं?" मी म्हणाले, "पहिल्यापासनं." ते बाकावर बसले. रागावले नाहीत. बऱ्याच वेळानं उठले, बाहेर जाऊन सरांना फोन केला. "पोरगी येणार न्हाय. घर बघाय कोण न्हाय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," एवढंच म्हणाले. सर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, पायरीवर अर्धा तास आप्पांच्या शेजारी बसले आणि आईला न भेटता गेले. लडाखला माझ्या जागी ती थोराड मुलगी गेली. बूट विहिरीत वगैरे कुणी टाकले नाहीत, सरांनीच दुसऱ्या कुणाला तरी दिले. बर्फावर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही.

आई त्यानंतर बावीस वर्षं जगली. एक पाय दोन बोटं आखूड, हातात काठी. स्वयंपाक मी करायची, ती कट्ट्याजवळ खुर्चीवर बसून भाजी निवडायची. शेड पुढे खताच्या पोत्यांना दिलं. माझं लग्न झालं नाही, ते का हे पुढे कुठंतरी लिहीन किंवा लिहिणारही नाही. लोकांना वाटायचं आई पायाच्या दुखण्यानं अबोल झाली. तिला पायाचं काहीच वाटत नव्हतं. त्या विषयावर ती माझ्याशी एकदाच बोलली, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी. लडाख का रद्द झालं ते आप्पांनी तिला सांगून टाकलं होतं आणि ते चहा आणायला खाली गेले होते. मी तिच्या उशाशी बसून तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला. डोळे कोरडे होते. आवाज चढलेला नव्हता.

"आप्पांनी चार माणसांत बोलणं खाल्लं, मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्येंनी खाल्लं असतं गं. माझ्यासाठी त्येंनी आणखीबी खाल्लं असतं. नऊ दिवस मी त्या मोडक्या पायावर उभी ऱ्हायले, राजू. तुला एक दिवस तोंड मिटून बसवंना? मग माझा पाय गेला कशासाठी?"

 बोलण्यासारखं जे होतं ते मी आधीच बोलून बसले होते.